पंचांचा निर्णय अंतिम राहील

काल आमच्या ऑफिसात (ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची दहा बाय बाराची खोली) एका मंडळाची दोन पोरं हँडबिल घेऊन आली. बातमी लावा म्हणाली. भव्य कबड्डी स्पर्धा, मॅटवर, दिवस-रात्र, पहिलं बक्षीस एक लाख, दुसरं सत्तर हजार, उत्कृष्ट चढाईला सायकल, उत्कृष्ट पकडीला सायकल. मग प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सौजन्य, स्वागतोत्सुक. मी सवयीने नावं मोजली, त्रेपन्न भरली. आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात नेहमीची ओळ : पंचांचा निर्णय अंतिम राहील.

मी विचारलं, "नियम कुठले लावणार?"

"कबड्डीचेच की, दादा."

"ते कळलं रे. टीव्हीवर असतात ते, का फेडरेशनच्या पुस्तकातले?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण म्हणाला, "ते पंच बघतील ना."

ही पोस्ट त्या उत्तराबद्दल आहे. लांबणार आहे, आधीच सांगतो. ज्यांना कबड्डीत रस नाही त्यांनीही थोडं थांबावं, कारण पुढे सरकारी नोकरीचाही विषय येणार आहे.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. तालुक्यातलंच एक गाव. नाव लिहीत नाही, दोन्हीकडची माणसं माझ्या मित्रयादीत आहेत. उपांत्य सामना, रात्रीचे साडेअकरा, गॅलरी गच्च. यजमान गाव विरुद्ध शेजारच्या तालुक्याचा संघ. २७-२७ अशी बरोबरी आणि शेवटची दीड मिनिटं. पाहुण्यांची चढाई होती. चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे गेला, पाय टाकला, तो कुणाला लागला नाही, तोल गेला आणि कुणालाही स्पर्श न होता तो थेट लॉबीत. त्याच्यामागे यजमानांचे दोघे त्वेषाने धावले आणि त्यांनी त्याला लॉबीतच कवळा घातला. पब्लिकने फटाक्याची माळ लावली. गाव जिंकलं असंच सगळ्यांना वाटलं.

सरपंचांनी शिट्टी मारली आणि हात दाखवला. गावाला एक, पाहुण्यांना दोन.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : मैदानाच्या दोन्ही अंगांना एक-एक मीटरची पट्टी असते, ती लॉबी. चढाईपटू आणि बचावपटू यांच्यात स्पर्श किंवा झटापट झाल्यावरच ती पट्टी खेळात धरतात. स्पर्श न होता चढाईपटू तिथे गेला तर तो बाद. मग त्याच्यामागे आलेल्या बचावपटूंचं काय? जुनं पुस्तक म्हणतं, तेही बाद. टीव्हीवर लीग बघून मोठी झालेली पोरं म्हणतात, असं कसं, तो लॉबीत गेला तिथेच चढाई संपली, मग पुढचं कशाला मोजता?

त्या रात्री सरपंच म्हणून उभे होते ते एक निवृत्त क्रीडाशिक्षक. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणतो. पंच परीक्षा पास, तीस वर्षं शिट्टी गळ्यात. (कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. त्या रात्री गावचे सरपंच आणि मैदानातले सरपंच समोरासमोर उभे होते, आणि गावच्या सरपंचांचा आवाज मोठा होता.) दहा-बारा जण मोबाइलवर क्लिप काढून मास्तरांच्या तोंडासमोर नाचवत होते. "हे बघा, हे बघा, टीव्हीवर काय देतात ते बघा." मास्तर काहीतरी सांगत होते, पण डीजे चालूच होता. मग खुर्ची आली. शर्ट फाटला, चष्मा मॅटवर पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला. अर्ध्या तासाने पोलीस पाटलांनी मध्यस्थी केली, उरलेला वेळ खेळवला, आणि गाव एका गुणाने हरलं.

आता माझा भाग.

मी तिथे होतो. रात्री दीड वाजता मोबाइलवरच बातमी टाइप करून पाठवली. मथळा : पंचांच्या वादग्रस्त निर्णयाने उपांत्य सामन्यात गोंधळ. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर तीन कॉलम छापून आली. बातमीत गावच्या कप्तानाची प्रतिक्रिया होती, आयोजकांची होती, एका माजी खेळाडूचीही होती. मास्तरांची नव्हती. मी त्यांना विचारलंच नाही. आणि खरी लाज पुढेच आहे : नियम काय आहे हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं कबड्डीच्या बातम्या करतोय. 'वादग्रस्त' हा शब्द आम्हा पत्रकारांना फार सोयीचा पडतो. निर्णय बरोबर का चूक, हे शोधायची मेहनत वाचते.

चार दिवसांनी मास्तरांच्या घरी गेलो. ते अंगणात होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोलले काहीच नाहीत. चहा घेऊन वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या पेपरात आलंय ना भाऊ, मग खरंच असणार." चहा पिऊन आलो.

त्यानंतर मी नियम शोधायला लागलो. आमच्याकडे या खेळाचा कारभार बघणाऱ्या एका पदाधिकाऱ्यांना फोन केला. "व्हॉट्सॲप करतो," म्हणाले. दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा निळ्या टिका आल्या, पुस्तक काही आलं नाही. शेवटी एका जुन्या पंचाकडून झेरॉक्सची झेरॉक्स मिळाली, इंग्रजीत, मधली दोन पानं गायब. त्यात लॉबीचं कलम होतं. त्या पुस्तकाप्रमाणे मास्तर बरोबर होते.

आणि गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, हाच घोळ त्याआधी सव्वा वर्षापूर्वी सगळ्या जगाने पाहिला होता. ७ ऑक्टोबर २०२३, चीनमधलं हांगझोऊ, आशियाई स्पर्धेतल्या पुरुषांच्या कबड्डीची अंतिम लढत. भारत विरुद्ध इराण. २८-२८ बरोबरी, जेमतेम एक मिनिट शिल्लक. पवन सेहरावत चढाईला गेला, स्पर्श न करता लॉबीत गेला, आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटू. सेम टू सेम. भारत म्हणत होता मागे आलेले सगळे बाद धरा. इराण म्हणत होता नाही. पंचांनी एक दिला, मग बदलला, परत बदलला. खेळाडू मॅटवर ठाण मांडून बसले. सुमारे तासभर खेळ बंद. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने गेला आणि आपण ३३-२९ ने सुवर्णपदक घेतलं.

आपण जिंकलो म्हणून तो विषय तिथेच मिटला. हरलो असतो तर चौकशी समिती बसली असती. पण एक गोष्ट लक्षात घ्या. इराणचे कितीतरी खेळाडू आपल्याच प्रो कबड्डीत खेळून तयार झालेत. फझल अत्राचली यू मुंबाकडूनही खेळला आणि पुणेरी पलटणकडूनही. मोहम्मदरझा शादलू तर २०२४ ला पलटण विजेती झाली तेव्हा त्या संघाचा कणा होता. आपल्याच लीगमध्ये शिकलेली कबड्डी घेऊन ही माणसं आशियाई फायनलला आली, आणि तिथे गाडी नेमकी 'जुना नियम की नवा' यावर अडली. आशियाई फायनलला जर हे होतं, तर आमच्या तालुक्यातल्या दहावीत शिकणाऱ्या पोराकडून आणि फटाके लावणाऱ्या पब्लिककडून काय अपेक्षा करता?

आता काही जण म्हणतील, टीव्हीवाल्यांनी खेळ बिघडवला. मी त्या मताचा नाही. कबड्डीचे नियम कधीच दगडावरची रेघ नव्हते. संजीवनी, गामिनी, अमर असे तीन-तीन प्रकार आपल्याकडे खेळले जायचे. गामिनीत बाद झालेला परत यायचाच नाही. अमरमध्ये बाद झालेला मैदानातच राहायचा, फक्त गुण मोजायचे. संजीवनीत गडी मारला की आपला गडी उठायचा, आणि तीच पुढे टिकली. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा घेतल्या, कारण प्रत्येक गावचा हुतुतू वेगळा होता आणि भांडणं होत होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना हे कळलं होतं, की आधी नियम छापायचा, मग शिट्टी मारायची. आम्ही मात्र त्रेपन्न नावं छापतो.

लीगने आणलेलं किंवा घराघरात पोचवलेलं बरंचसं मला आवडतं. तिसरी चढाई, म्हणजे 'डू ऑर डाय', मला फार आवडते. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात गुण आणा नाहीतर बाहेर बसा. पूर्वी आघाडीवरचा संघ शेवटची दहा मिनिटं नुसता मध्यरेषेवर फुगडी घालायचा, ते बंद झालं. अव्वल पकडही चांगली : तीन किंवा कमी गडी उरलेत आणि तरी पकड केली तर एक गुण जादा. हरत आलेल्या संघाला जीव मिळतो. तीस सेकंदांची मर्यादाही ठीक. पण दम? दम आता नावालाच उरलाय. पुस्तकात आहे, तोंडात नाही. आमच्या स्पर्धांत डीजेच्या आवाजात पंचाला स्वतःची शिट्टी ऐकू येत नाही, तिथे चढाईपटूचा 'कबड्डी कबड्डी' काय ऐकू येणार. असो.

इथे जरा सिडनीला जाऊन येऊ. माझा भाचा तिकडे हॅरिस पार्कला राहतो. पॅरामाटाच्या शेजारी, आपली माणसं भरपूर. तिथलं वेड म्हणजे रग्बी लीग, आणि पॅरामाटाचा संघ आहे ईल्स. भाचा शाळेत असताना आमच्या तालुक्याकडून कबड्डी खेळलेला. पहिला सामना बघून आला आणि रात्री फोन. "मामा, ही तर आपली तिसरी चढाई आहे!"

तो सांगत होता ते असं. रग्बी लीगमध्ये तेरा जणांचा संघ. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना सहा पकडी मिळतात. चेंडूवाल्याला खाली पाडलं की एक झाली. सहावी झाली की चेंडू समोरच्याला द्यायचा. त्यामुळे पाचवीनंतर बहुतेक वेळा लाथ मारून चेंडू लांब पाठवतात. पूर्वी मर्यादाच नव्हती. एक संघ चेंडू धरून तासन् तास पुढे सरकत बसायचा, अगदी आपल्या मध्यरेषेवरच्या फुगडीसारखा. १९६६ ला चार पकडींची मर्यादा आली, ती घाईची ठरली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सहा झाल्या. नियम बदलताना तिथेही चुकले आणि दुरुस्तही केलं.

या खेळाचा जन्मही मला आपला वाटला. १८९५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावी जॉर्ज हॉटेलात तिकडच्या क्लबांनी बैठक घेतली आणि मूळ रग्बीच्या संघटनेतून ते बाहेर पडले. कारण काय, तर गिरणी आणि खाणीतले कामगार शनिवारी खेळायला आले की त्यांचा रोज बुडायचा. तो भरून द्या, एवढंच क्लबांचं म्हणणं होतं. वरच्या साहेब लोकांना ते मान्य नव्हतं. रोजंदारी बुडवून खेळणं काय असतं हे आमच्याकडच्या ऊसतोड टोळीतल्या, हमालीवरच्या पोरांना समजावून सांगायची गरज नाही.

तर भाच्याने मला एक जुना व्हिडिओ पाठवला. २०१९ ची तिथल्या लीगची फायनल, ६ ऑक्टोबर. कॅनबेरा रेडर्स विरुद्ध सिडनी रूस्टर्स, ८-८ बरोबरी, शेवटची काही मिनिटं. चेंडू उडाला, पंचाने हात फिरवून खूण केली की पकडींची मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणजे कॅनबेराला नव्या सहा. लगेच सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून निर्णय बदलला : नाही, ही शेवटचीच. पण कॅनबेराचा जॅक वायटन खूण बघून निर्धास्त होता. तो चेंडू घेऊन पळाला, त्याला पाडलं, आणि चेंडू गेला रूस्टर्सकडे. त्यानंतर थोड्याच वेळात रूस्टर्सनी ट्राय केला. सामना १४-८. लीगने नंतर सांगितलं, अंतिम निर्णय बरोबर होता, खूण चुकली होती. कॅनबेराच्या लोकांचा राग आजही गेलेला नाही.

मला त्यातलं एक फार लागलं. निर्णय बरोबर असून उपयोग झाला नाही, कारण तो खेळणाऱ्याला कळला नाही. मास्तरांचं तेच झालं.

फरक एवढाच की तिकडे पंचाच्या अंगावर माईक असतो. तो खेळाडूला काय बोलतोय, खोलीत बसून स्क्रीन बघणारा पंच त्याला काय सांगतोय, हे घरी बसलेल्या माणसाला ऐकू येतं. "मला इथे हात दिसतोय, चेंडू सुटलेला दिसत नाही, म्हणून हा निर्णय." पटत नाही बऱ्याचदा. भाचा म्हणतो, दर सोमवारी ऑफिसात पंचांना शिव्या असतात. पण शिव्या निर्णयाला असतात, कारण काय ते ठाऊक असतं. आपल्याकडे कारणच माहीत नसतं, म्हणून मग संशय पैशांवर जातो, पाहुणेपणावर जातो, जातीवर जातो. ते शेवटचं मी मुद्दाम लिहिलंय. गॅलरीत उभं राहून ऐका एकदा.

फॉरमॅटबद्दलही थोडं. २०२५ च्या बाराव्या हंगामात प्रो कबड्डीने गुणांची पद्धत बदलली. आधी जिंकलं की पाच, बरोबरीला तीन-तीन, आणि सात किंवा कमी गुणांनी हरलात तरी एक. आता जिंकलं की दोन, हरलं की शून्य. साखळी सामन्यात बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया, तरी बरोबरी तर सुवर्ण चढाई. पहिल्याच दिवशी पलटण आणि बेंगळुरूचा सामना तिथवर गेला. पाच-पाच चढाया आपल्या स्थानिक स्पर्धांना नव्या नाहीत, आमच्याकडे रात्री दोन-दोन वाजता बघितल्यात. बाद फेरीत त्या हव्यातच, कुणीतरी एक पुढे जायलाच पाहिजे. पण साखळीत कशाला? चाळीस मिनिटं दोन संघ तोडीस तोड खेळले तर बरोबरी हाच खरा निकाल. रग्बी लीगवाल्यांनीही २००३ पासून साखळीत 'गोल्डन पॉइंट' आणला. ऐंशी मिनिटं छाती फोडून खेळायचं आणि शेवटी एका लाथेवर निकाल. तिकडचे लोक वीस वर्षं त्यावर भांडतायत. आणि तो निसटत्या पराभवाचा एक गुण काढला ते मला बिलकूल आवडलं नाही. त्या एका गुणासाठी हरलेला संघसुद्धा शेवटच्या सेकंदापर्यंत धडपडायचा, बघायला मजा यायची. पण हे माझं मत झालं. लीगचा मालक लीगचे नियम करणार, आणि त्यांनी ते हंगामाआधी जाहीर केले, एवढं त्यांच्या बाजूने मान्य करायला पाहिजे.

आमचं दुखणं वेगळं आहे. आमच्याकडे कुणीच काही जाहीर करत नाही.

आणि आता नोकरीचा विषय. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. आमच्या भागात पोरगं कबड्डी खेळतं ते फक्त सायकलसाठी नाही. जिल्हा संघ, राज्य स्पर्धा, प्रमाणपत्र, मग पोलीस भरती, असा तो जिना आहे, आणि त्याच्या पहिल्या पायरीवर निवड चाचणीतला एखादा सामना असतो. तिथे एक लॉबी, एक बोनस, एक 'टच झाला की नाही' असा प्रश्न, आणि समोर पंच. पोरगं संघात आलं नाही तर पुढच्या वर्षी वय संपलेलं असतं. त्याच्या आईला कुणी सांगायचं की कलम अमुक तमुक? पंच भ्रष्ट असतात असं मी म्हणत नाही, बहुतेक नसतात. पण ज्या निर्णयावर घरची चूल अवलंबून आहे तो निर्णय कशाच्या आधारावर दिला, हे विचारायला जागाच नसेल तर लोक पंचाच्या शर्टाला हात घालतात.

घालतातच. आमच्या त्या रात्रीनंतर थोड्याच दिवसांनी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. कुस्ती चितपट होती की नव्हती यावरून पंचाची कॉलर धरली गेली, लाथ बसली. दोन मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. महिनाभर चर्चा चालली ती लाथेची. रिप्ले कधी बघायचा, कुणी बघायचा, कुणी मागायचा, या नियमाची चर्चा किती झाली? मी स्वतः त्यावर दोन बातम्या केल्या, दोन्ही लाथेच्या.

पंचांना आमच्याकडे काय मिळतं, तेही लिहून टाकतो. मी बघितलेल्या स्पर्धांत दिवसाला पाचशे ते सातशे रुपये, टॉवेल-टोपी, नारळ, आणि जेवण. पहिलं बक्षीस एक लाख. डीजेचं भाडं मी विचारलं नाही, तुम्हीच अंदाज करा. चष्मा मास्तरांनी स्वतःच्या पैशांनी केला.

म्हणून काल त्या दोन पोरांना मी बातमी लावतो म्हणालो, पण एका अटीवर. हँडबिलात त्रेपन्नातली दहा नावं कमी करा आणि तिथे चार ओळी घाला. नियम कुठल्या पुस्तकाप्रमाणे. लॉबीत काय होणार. बरोबरी झाली तर काय होणार. दाद कुणी मागायची, किती वेळात, कुणाकडे. सामन्याआधी दोन्ही कप्तानांना बोलावून तेच वाचून दाखवायचं आणि सह्या घ्यायच्या. आणि वादाचा निर्णय असेल तेव्हा डीजे बंद करून, माईक पंचाच्या हातात देऊन, दोन वाक्यांत कारण सांगायचं. यात एक रुपयाही खर्च नाही.

मोठा होता तो म्हणाला, "दादा, नावं नाही कमी होणार. वर्गणी घेतलीय."

"मग कागद मोठा कर."

त्यावर ते हसले. तयार झाले म्हणाले. बघू. मजकूर मात्र मीच लिहून द्यायचा ठरलं, आणि तो बरोबर आहे का ते मास्तरांकडून तपासून घ्यायचा.

संध्याकाळी गेलो. अकरा महिन्यांनी. मी आधी त्या बातमीबद्दल बोललो, जे जानेवारीतच बोलायला हवं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग कागद मागितला, नव्या चष्म्यातून दोनदा वाचला, पेनने एका ठिकाणी 'खेळाडू' खोडून 'बचावपटू' केलं. म्हणाले, "हे बरोबर आहे."

मी विचारलं, "यंदा शिट्टी घ्याल का, मास्तर?"

आतून वहिनींचा आवाज आला, "नाही घेणार."

मास्तर कागदाकडे बघत होते. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाले, "हे माईकचं नक्की ना? का नुसतं छापायला?"

पोरांना फोन लावलाय, अजून उचललेला नाही. ज्यांना आपल्या गावच्या स्पर्धेसाठी हा चार ओळींचा मजकूर हवा असेल त्यांनी कॉमेंटमध्ये गावाचं नाव टाका, पाठवतो. आणि जिल्ह्यातल्या ज्या कुणाकडे नियमपुस्तकाची पूर्ण प्रत असेल, मधली दोन पानं धरून, त्याने मला पाठवावी.